पोटही भरावं, मनही भरावं

नृसिंहवाडीच्या पैलतीरावर औरवाड आहे, गुरुचरित्रातलं अमरापूर. तिथल्या एका गरीब ब्राह्मणाची कथा अठराव्या अध्यायात येते. भिक्षा मिळाली तर त्यावर, नाहीतर दारातल्या घेवड्याच्या शेंगांवर त्याच्या घरच्यांचं पोट चालायचं. नृसिंहसरस्वती त्याच्याकडे भिक्षेला आले, शेंगांची भाजी जेवले आणि निघताना त्यांनी तो वेलच उपटून टाकला. घरातली बाई आकांत करू लागली. नवऱ्याने तिची समजूत घातली, वेलाचं राहिलेलं मूळ काढायला तो खणू लागला आणि खाली धनाने भरलेला घडा लागला.

श्रद्धेने वाचणाऱ्याला ही गुरुकृपेची कथा आहे आणि ती तशीच राहू द्यावी. पण पोटापाण्याच्या विचारात असलेल्या माणसाने तिच्यातल्या दोन गोष्टी नीट पाहाव्यात. घडा परमुलखात नव्हता, स्वतःच्या अंगणात होता. आणि माणूस खणायला लागला तेव्हाच तो हाती आला.

मनाला पटेल आणि घरही चालवेल असं काम शोधणाऱ्यांना सहसा 'तुझी आवड ओळख' असं सांगितलं जातं. आवड ओळखावीच, पण तेवढ्याने भागत नाही. आपल्या आसपास लोकांचं काय अडलंय ते पाहून, त्यासाठी लागणारं कसब हाताला लावून आणि पैशाचा हिशेब न लाजता मांडून असं काम उभं करावं लागतं. ते कसं, हे कृष्णाकाठच्या या टापूतल्या उदाहरणांवरून पाहू.

## कामाच्या तीन कसोट्या

पहिली कसोटी गरजेची. या कामाने कुणाचं तरी अडलेलं सुटतं का? दुसरी कसबाची. वर्षागणिक आपण त्यात तरबेज होत जाऊ, असं त्यात काही आहे का? तिसरी मोबदल्याची. त्यासाठी कुणी तरी पुन्हा पुन्हा, खुशीने पैसे देईल का?

तीनपैकी एक जरी नसली तरी पुढे अडचण येते. गरज आणि कसब आहे, पण मोबदला नाही, तर ती सेवा. ती थोर आहे, पण घर दुसऱ्या कुणाला तरी चालवावं लागतं. गरज आणि मोबदला आहे, पण कसब नाही, तर शेजारी कुणी चांगलं काम करणारा उभा राहिला की गिऱ्हाईक तिकडे वळतं. कसब आणि मोबदला आहे, पण कुणाच्या खऱ्या उपयोगाचं नाही, तर पैसे येतात आणि काही वर्षांनी मन विटतं. बहुतेकांची तक्रार यांपैकी एकीत बसते. आपली कुठली कसोटी कमी पडते हे कळलं, की निम्मा गुंता सुटतो.

## वाडीला पोसणारी कामं

नृसिंहवाडी हे कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरचं, शिरोळ तालुक्यातलं गाव. दत्ताच्या पादुकांच्या दर्शनाला महाराष्ट्रातून आणि कर्नाटकातून माणसं येतात. पौर्णिमेला, दत्तजयंतीला, गुरुद्वादशीला गर्दी उसळते. त्या गर्दीवर पुजारी, हार-फुलं विकणारे, नावाडी, खानावळवाले, उतरायची सोय करणारे आणि पेढेवाले यांची घरं चालतात. त्यांच्या मागे आणखी मोठी साखळी आहे: आसपासच्या गावांतले म्हशी राखणारे, फुलं पिकवणारे, दूध गोळा करून आणणारे.

वाडीची बासुंदी, पेढे आणि कवठाची बर्फी यांचं नाव दूरवर आहे. बासुंदी आटवणाऱ्याजवळ थोडा वेळ उभं राहिलं तर त्या कामातलं कसब दिसतं. पसरट कढईत दूध उकळत असतं, वर धरलेली साय तो पळीने कडेला सारतो, बुडाला लागू नये म्हणून उलथनं सतत तळाशी फिरवत ठेवतो आणि अखेरीस कडेची साय खरवडून पुन्हा दुधात मिसळतो. आच जरा जास्त झाली की करपट वास लागतो आणि सगळी कढई वाया जाते. हा अंदाज पुस्तकातून येत नाही, हाताला सवयीने येतो.

कवठाची बर्फी आणखी शिकवते. कवठ आंबट-तुरट, चिकट, टणक कवचाचं फळ. इतर फळांच्या मानाने त्याला बाजारात फारसा उठाव नसतो. पण त्याच्या गरात पेक्टिन भरपूर असतं, म्हणून साखरेबरोबर शिजवला की तो छान घट्ट होतो आणि वड्या पडतात. दुर्लक्षित फळाचा गुण कुणी तरी ओळखला आणि त्यातून गावाची ओळख झाली. यात्रेकरू ती बर्फी घरी नेतो आणि शेजारीपाजारी प्रसाद म्हणून वाटतो. करणाऱ्याचं काम स्वच्छ आणि सचोटीचं असेल, तर तो त्या वाटणाऱ्याची श्रद्धाही सांभाळत असतो. अशा कामाला पैसा आणि समाधान वेगवेगळ्या दारांनी येत नाहीत.

## आवड आधी की कसब आधी?

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते शिकायला गेले, पण काही रंग त्यांना नीट ओळखता येत नव्हते आणि चित्रकला सोडावी लागली. रेषेवरचा हात मात्र पक्का होता. तो त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाकडे वळवला आणि पुढे ते शिकवूही लागले. १८८८ साली बेळगावात सायकलींचं छोटं दुकान निघालं. तिथून कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर इथवर ते पोचले. लोखंडाने जमीन नासते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे सुरुवातीचे नांगर खपता खपेनात. तरी ते टिकून राहिले. १९१० मध्ये औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या जागेवर त्यांनी कारखाना हलवला आणि कृष्णा खोऱ्यातल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली.

त्यांची पहिली आवड त्यांना सोडावी लागली. कसब सोबत राहिलं आणि शेतकऱ्याची गरज दिसल्यावर त्या कसबाला दिशा मिळाली. पुढची आवड त्या कामातूनच वाढली.

दुसरं उदाहरण वाडीपासून वीसेक किलोमीटरवर, मिरजेत आहे. तिथले शिकलगार हत्यारं घडवणारे आणि धार लावणारे. इंग्रजी अंमलात तलवारींची मागणी सरली, तेव्हा धातू-लाकडावर चालणारे तेच हात तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले आणि मग तंबोरे, सतारी घडवू लागले. फरीदसाहेबांचं नाव या परंपरेच्या आरंभी घेतलं जातं. संस्थानिकांचा आश्रय आणि पुढे अब्दुल करीम खाँसाहेबांसारख्या गवयांचा मिरजेतला मुक्काम यांनी या कामाला पारखी कान मिळाले.

तंबोऱ्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून येतो. तो वाळवून, कापून, त्याला दांडी बसवून, वर नक्षी चढते. पण खरी परीक्षा शेवटी असते, जवारी लावताना. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कारागीर कणाकणाने घासतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. तारेखाली बारीक दोरा सरकवून नाद खुलतो ती जागा पकडतो. एक कानस जास्त फिरली तर स्वर बोथट होतो. गवयाला हवा तो भरीव झंकार येईपर्यंत हे चालतं. इलेक्ट्रॉनिक तंबोरे आल्यावर या घरांना झळ बसली, तरी मैफलीत बसणाऱ्याला खरा तंबोरा लागतोच. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापुरी गुळाला ते २०१४ मध्ये आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये मिळालं होतं. मानांकनामुळे बनावट मालापासून नावाचं संरक्षण होतं, पण दाम मिळतो तो हाताच्या कामाला.

## अडलेलं काम ओळखायचं कसं?

शिरोळ तालुक्याची जमीन काळी, पाणी मुबलक आणि पीक उसाचं. वर्षानुवर्षं गरजेपेक्षा जास्त पाणी दिल्याने आणि निचरा न झाल्याने कितीतरी रानं पाणथळ झाली. भूगर्भातलं पाणी वर आलं, त्याबरोबर क्षार वर आले आणि उन्हाळ्यात पांढरा थर दिसू लागला. बापजाद्यांची जमीन नावावर आहे, पण तिच्यात काही उगवत नाही, अशी कितीतरी कुटुंबांची अवस्था झाली.

शिरोळच्या श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने या जमिनी सुधारण्याचं काम हाती घेतलं. पद्धत समजायला सोपी आहे, करायला चिकाटी लागते. रानाचा चढ-उतार मोजायचा, ठरावीक खोलीवर सच्छिद्र पाईप उताराला धरून पुरायचे, मातीत साचलेलं खारं पाणी त्यात उतरवायचं आणि मोठ्या पाईपने ओढ्या-नाल्याकडे न्यायचं. पाऊस-पाण्याबरोबर क्षार धुतले जातात आणि जमीन हळूहळू पुन्हा पिकू लागते.

यात एक मेख आहे. माझ्या रानातलं पाणी बाहेर काढायचं तर पाईप शेजाऱ्याच्या बांधातून न्यावा लागतो. म्हणजे एकट्याने भागत नाही, सगळा पट्टा एकत्र आला तरच काम होतं. पाईपच्या तंत्राइतकंच माणसं जोडण्याचं कसब इथे लागतं. आणि मोबदल्याची बाजूही चोख आहे, कारण पडीक जमीन पिकती झाली की शेतकऱ्याला ऊस मिळतो, कारखान्यालाही मिळतो. मोजणी करणारा, चर काढणारा, पाईप पुरवणारा, माती तपासणारा, सगळ्यांनाच त्यात काम मिळतं.

आपल्या गावातलं असं अडलेलं काम शोधायला चार प्रश्न पुरतात.

१. कोणत्या कामासाठी लोकांना नाइलाजाने जयसिंगपूर, सांगली किंवा कोल्हापूरला खेपा घालाव्या लागतात?

२. कोणतं काम पैसे असूनही 'माणूसच मिळत नाही' म्हणून पडून राहतं? मोटार-पंप दुरुस्ती, गवंडीकाम, अंथरुणाला खिळलेल्यांची शुश्रूषा ही नेहमीची उत्तरं आहेत.

३. काय वाया जातंय? देवस्थानाच्या गावात निर्माल्य असतं, शेतावर पाचट असतं, बाजारात उतरलेली फळं-भाजी असते.

४. कुणाकडे कुणाचं लक्ष नाही? मुलं पुण्या-मुंबईला गेलेली एकटी म्हातारी माणसं, गुडघ्यांच्या दुखण्यामुळे घाट उतरता न येणारे भाविक, शाळा सुटलेल्या मुली.

ही उत्तरं घरी बसून लिहू नयेत. बाजारात, दवाखान्याच्या बाकावर, दूध संकलन केंद्रावर जाऊन माणसांना विचारावं. तीच तक्रार वेगवेगळ्या तोंडून ऐकू येऊ लागली, की तिथे खणावं.

## हिशेब मांडताना स्वतःची मजुरी धरा

चांगल्या कामाचा दाम सांगायला आपल्याकडे माणसं संकोचतात. हा संकोचच अनेक चांगली कामं बंद पाडतो. समजा, घरी पेढे करून दुकानाला द्यायचे आहेत. पाच लिटर म्हशीच्या दुधातून साधारण एक किलो खवा निघतो. दूध ६० रुपये लिटर धरलं तर ३०० रुपये, इंधन ४०, साखर १५, वेलदोडा आणि खोके ३५. एकूण ३९० रुपयांत सव्वा किलो पेढा होतो, म्हणजे किलोला ३१२ रुपये पडले. दुकानदार ३६० ने घेत असेल तर किलोमागे ४८ रुपये सुटतात.

दिवसाला १० किलो केले तर ४८० रुपये. त्यासाठी ४० लिटर दूध आटवायला घरातली दोन माणसं दिवसभर उभी राहिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला २४० रुपये आले. भांडी-शेगडीची झीज आणि बिघडलेला घाणा अजून धरलेला नाही. हे आकडे समजुतीसाठी आहेत, तुमच्या गावचे भाव वेगळे असतील. पण धडा तोच राहील: मजुरी धरली नाही तर धंदा फायद्यात वाटतो आणि वर्षभराने माणूस थकून जातो.

यातून वाटा निघतात. हाच पेढा थेट गिऱ्हाइकाला ४४० ने विकला तर किलोला १२८ रुपये सुटतात, मात्र विकायला बसणारं माणूस लागतं. किंवा घाणा मोठा करावा लागतो. किंवा फार थोडे लोक करतात असा जिन्नस निवडावा लागतो. कुठली वाट धरायची ते हिशेब सांगतो, म्हणून तो पहिल्या दिवशीच वहीत मांडावा.

## पूर, हंगाम आणि शिल्लक

वाडीत नदी चढली आणि पादुकांवरून वाहणारं पाणी दक्षिणद्वारातून बाहेर पडू लागलं, की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. तेच पाणी आणखी चढलं की दुकानं हलवावी लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या तालुक्याची दाणादाण उडवली. यांतल्या शेवटच्या पुराआधी, मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे मंदिरं बंद झाली ती नोव्हेंबरात पाडव्याला उघडली. २०२१ मध्ये ती पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला उघडली. त्या बंदच्या काळातच जुलैचा पूर आला. फक्त यात्रेवर जगणाऱ्या घरांनी हे दोन्ही घाव एकापाठोपाठ सोसले.

म्हणून हंगामी कामात काही नेम पाळावेत. गर्दीच्या महिन्यांतली कमाई बारा महिन्यांत वाटून खर्च करावी. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असावा. पावसाळ्याच्या तोंडाला माल कमी भरावा, यंत्रं उचलता येतील अशी बसवावीत आणि विमा घेताना त्यात पुराचं नुकसान येतं का हे लेखी पाहून घ्यावं. शिवाय यात्रेकरूंखेरीज दुसरं गिऱ्हाईकही हवं: लग्नकार्याच्या ऑर्डरी, सांगली-कोल्हापूरची दुकानं, कुरिअरने जाणारा माल.

## वेल उपटण्याची घाई नको

कथेतला वेल गुरूंनी उपटला. आपल्या डोक्यावर कर्ज असेल, घरात शिकणारी मुलं असतील, तर चालू पगाराचा वेल आपण झटक्यात उपटू नये. नोकरी किंवा शेती चालू ठेवून सुट्टीच्या दिवशी काम सुरू करावं, पैसे देणारी पहिली गिऱ्हाइकं मिळवावीत, तीच पुन्हा येतात का ते पाहावं. नव्या कामातून येणारी रक्कम सलग काही महिने घरखर्चाच्या निम्म्यावर गेली, की सोडण्याचा विचार करावा.

लहान सुरुवातीचं मोल लिज्जत पापडाने दाखवून दिलं. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला घेतले. अंगात होतं तेच कसब, घर सांभाळून हाताशी असलेला तेवढाच वेळ. देणग्या घ्यायच्या नाहीत, मालाच्या दर्जात तडजोड करायची नाही आणि काम करणारी प्रत्येक बहीण मालकीण, या नेमांवर तो गृहउद्योग वाढला.

## शिक्षण आणि भांडवल कुठे मिळेल?

कसब शिकायचा उत्तम मार्ग म्हणजे त्यातल्या जाणत्या माणसाच्या हाताखाली काम करणं. वर्ष-दोन वर्षं कमी पैशांत राहावं लागलं तरी ती तुमच्या शिक्षणाची फी समजावी. त्याला सरकारी आधाराची जोड देता येते.

ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था बँकांमार्फत जिल्ह्याजिल्ह्यांत चालतात, त्यांचं निवासी प्रशिक्षण मोफत असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना १८ पारंपरिक व्यवसायांसाठी आहे. त्यात सुतार, शिंपी, चर्मकार यांच्याबरोबर होडी बांधणारे आणि हार-माळा करणारेही येतात, म्हणजे वाडीतल्या कितीतरी घरांचा त्यात समावेश होऊ शकतो. प्रशिक्षणानंतर आधी १ लाख आणि पुढे २ लाखांपर्यंत कर्ज ५ टक्के व्याजाने मिळतं. अन्नप्रक्रियेच्या छोट्या उद्योगांना २०२० च्या केंद्रीय योजनेत प्रकल्पाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान ठेवलेलं आहे, त्याची चौकशी कृषी कार्यालयात करावी. मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमासाठी जिल्हा उद्योग केंद्र गाठावं. बायकांना 'उमेद'च्या बचत गटातून लहान कर्ज आणि सोबत दोन्ही मिळतं. नियम आणि मुदती बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी चालू माहिती कार्यालयातूनच घ्यावी. खाण्याचा पदार्थ विकणार असाल तर अन्न सुरक्षा नोंदणी आधी करावी. अनुदानासाठी धंदा काढू नये. काढलेल्या धंद्याला अनुदानाचा टेकू घ्यावा.

## नोकरी करणाऱ्यांनी काय करावं?

सगळ्यांनी धंद्यात पडावं असं अजिबात नाही. पूरग्रस्ताचा पंचनामा नेटका करणारा तलाठी, गरोदर बाईच्या घरी वेळेवर पोचणारी आशाताई, वर्गातल्या मागच्या बाकावरचं पोर वाचायला लागेपर्यंत न सोडणारे गुरुजी, यांच्या कामाला अर्थ शोधावा लागत नाही. आपल्या टेबलावर येणाऱ्या माणसाचं नेमकं काय अडलंय हे कळून घेतलं आणि त्यात आपलं कसब वाढवत नेलं, तर नोकरीतही या तिन्ही कसोट्या पूर्ण होतात. तसं करूनही काम निरर्थकच वाटत असेल, तर नोकरी बदलण्याचा विचार जरूर करावा, पण पुढच्या कामातली गरज आणि मोबदला तपासून.

## या महिन्यात करण्यासारखं

एक वही घ्यावी. पहिल्या पानावर स्वतःच्या हाताला काय येतं ते लिहावं, अगदी साधंसुद्धा: हिशेब, स्वयंपाक, वेल्डिंग, माणसांशी बोलणं. दुसऱ्या पानावर गावात फिरून ऐकलेल्या तक्रारी उतरवाव्यात. तिसऱ्या पानावर घराला महिन्याला नक्की किती लागतं तो आकडा मांडावा. मग पहिल्या दोन पानांतली एक जोडी निवडून एका माणसाचं एक काम पैसे घेऊन करून द्यावं. त्याचं समाधान झालं का, आपल्याला किती वेळ लागला आणि हातात काय उरलं, ते चौथ्या पानावर लिहावं.

त्या एका कामातून वर्षभराच्या विचारापेक्षा जास्त कळेल. चूक दिसली तर ती स्वस्तात कळली असं समजावं आणि दुसरी जोडी निवडावी. आपल्या कामाने कुणाचं तरी भलं होतंय आणि त्याच कामावर घरात दोन्ही वेळची चूल पेटतेय, ही कमाई प्रत्येक कष्टाळू माणसाच्या आवाक्यातली आहे. तिच्यासाठी लागणारी पहिली चौकशी आजच, आपल्याच गावात करता येते.